पुरात भिजलेला फोटो, लेयरवर लेयर: प्रकल्प नोंदी

हातातलं काम: हाफ प्लेट आकाराचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा कृष्णधवल फोटो. पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका वाड्याचा चौक, सात मोठी माणसं, चार मुलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा हा फोटो भिंतीवर टांगलेला होता. पाणी कुठवर चढलं त्याची तपकिरी रेघ माणसांच्या छातीवरून आडवी गेली आहे.

यंदाच्या १२ जुलैच्या आत १० बाय १२ इंचांची प्रत घरच्यांना द्यायची. शिवाय लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले चित्राचे थर, नव्याने शिकणारे दोघे हेच काम करत करत शिकणार आहेत, म्हणून प्रत्येक पायरी का घेतली तेही इथे लिहून ठेवतो. फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर गिम्प ३.०. फोटोशॉपवाल्यांनाही हेच करता येईल, मेनूंची नावं तेवढी वेगळी.

१४ जून २०२५, शनिवार

आधी फोटोच नीट पाहिला. चार वेगवेगळे बिघाड आहेत, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

पुराची तपकिरी रेघ आणि तिच्या खालचा पिवळट पट्टा. खालचा उजवा कोपरा फिकट पडलेला. तिथली आकृतीच पिवळी झाली आहे. कडांच्या काळ्या भागावर चंदेरी झाक. फोटो तिरका धरला की आरशासारखी चमकते. आणि चिरा, ओरखडे, दोन ठिकाणी वरचा थर निघून उघडा पडलेला पांढरा कागद. त्यातली एक जागा नेमकी डावीकडून दुसऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर.

शिवाय मधल्या आजोबांच्या कपाळाशी कुंकवाचा आणि हळदीचा ठिपका आहे. फ्रेमची काच फुटल्यावर सणावाराला हळदकुंकू थेट फोटोवर लागत गेलं असणार. तो काढायचा की ठेवायचा, हे आपण ठरवायचं नाही. घरच्यांना विचारलं. आजी म्हणाल्या, "प्रतीत नको, पण मूळ फोटोला हात लावू नका." तसंच करतोय.

मूळ फोटो पुसलेला नाही. जिलेटिनचा थर ओलाव्याने फुगतो आणि बोटाला चिकटून निघतो, त्यामुळे ओला कापूस, स्पिरिट, खोडरबर काहीही नाही. मऊ कोरड्या ब्रशने सुटी धूळ तेवढी झटकली. पुण्यात पावसाळी हवा सुरू झाली आहे, फोटो थोडा वळलाय. दोन टिपकागदांत ठेवून वर पुस्तकाचं हलकं वजन, रात्रभर.

१५ जून, रविवार

स्कॅन. ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), रंगीत, प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) १६ बिट, फाइल टिफ. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप रंगसुधारणा, धूळ काढणे, शार्पनिंग हे सगळं बंद केलं. फिल्मसाठी जी इन्फ्रारेड धूळसफाई असते ती कागदी फोटोवर चालत नाही.

फोटो कृष्णधवल असताना स्कॅन रंगीत का, असा प्रश्न दोघांनीही विचारला. उत्तर असं की आकृतीचा रंग करडा आहे आणि डागाचा तपकिरी. करड्या मोडमध्ये स्कॅन केलं तर स्कॅनर दोन्ही एकत्र कालवून टाकतो आणि मग ते वेगळं करायचा मार्गच उरत नाही. रंग हीच डागाची ओळख आहे.

आकार निघाला २८५० बाय ३९०० पिक्सेल, साधारण १.११ कोटी पिक्सेल. अल्फा (पारदर्शकतेचा) चॅनल असलेला एक रंगीत लेयर १६ बिटला सुमारे ८९ एमबी मेमरी खातो. असे दहा लेयर झाले की आठ जीबीचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो, आणि अनडूचा साठा त्यावर वेगळा. म्हणून पुढे शक्य होईल तिथे ग्रेस्केल फाइलमध्ये काम करायचं. तिथे तोच लेयर निम्म्यावर येतो.

एकच स्कॅन पुरला नाही. चंदेरी झाक आणि कागदाचा रेशमी पोत, दोन्ही एका बाजूने येणाऱ्या दिव्यामुळे उठून दिसतात. म्हणून फोटो काचेवर १८० अंश फिरवून दुसरा स्कॅन घेतला. फाइलींची नावं "मूळ-अ" आणि "मूळ-आ", दोन्हींना फक्त वाचण्यापुरती परवानगी. या दोन फाइलींवर कुणीही सेव्ह करायचं नाही.

१८ जून, बुधवार

दोन स्कॅन एकावर एक बसवले. लेयर म्हणजे काय, ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते) म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा इथे चटकन कळतं.

"मूळ-अ" उघडला. "मूळ-आ" लेयर म्हणून वर आणला, १८० अंश फिरवला. वरच्या लेयरचा मोड "डिफरन्स" केला. हा मोड वरच्या आणि खालच्या पिक्सेलमधला फरक दाखवतो. दोन्ही सारखे असले की फरक शून्य, म्हणजे काळं. आता मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवत राहायचं. चित्र जितकं काळं होईल तितके दोन्ही जुळले. सुरुवातीला प्रत्येक माणसाभोवती कोरल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. ११ पिक्सेल उजवीकडे आणि ४ वर सरकवल्यावर मधला भाग काळा झाला.

कडा मात्र जुळेनात. दुसऱ्या स्कॅनला फोटो काचेवर किंचित तिरका बसला होता. रोटेट टूलने ०.०८ अंश फिरवल्यावर बसला. असं बारीक फिरवणं एकदाच करायचं, कारण दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि चित्र थोडं मऊ पडतं. कोन चुकला तर अनडू करून पुन्हा मूळ स्थितीतून फिरवायचं, फिरवलेल्याला परत फिरवायचं नाही.

इथे झालेली चूक: मूव्ह टूलने वरचा लेयर सरकवायला गेलं की खालचाच सरकतो. टूलच्या पर्यायांत "सक्रिय लेयर हलवा" निवडलेलं नसलं की माउसखाली जे येईल ते टूल उचलतं. आधी तो पर्याय, मग सरकवणं.

जुळल्यावर मोड परत "नॉर्मल", ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के. दोन दिशांचा उजेड सरासरीत आला आणि रेशमी पोत जवळजवळ गेला. चंदेरी झाक मात्र निम्मीच झाली. ती नेहमी खऱ्यापेक्षा उजळ असते, म्हणून कडांसाठी "मूळ-आ" ची आणखी एक प्रत वर ठेवून तिचा मोड "डार्कन ओन्ली" केला: दोन्हींतला जो काळा तो घ्या. सगळ्या फोटोला हे लावलं तर प्रत्येक धूळकणही दुप्पट येतो, त्यामुळे मास्क हवाच.

मास्कचं तत्त्व रांगोळीच्या छाप्याचं. छाप्यात भोक आहे तिथे रांगोळी पडते, पत्रा आहे तिथे अडते. मास्कवर पांढरं म्हणजे भोक, काळं म्हणजे पत्रा. फरक इतकाच की इथे करडंही चालतं, अर्धवट उघडं भोक. लेयरला काळा मास्क जोडला, म्हणजे लेयर पूर्ण झाकला, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त कडांवर उघडला.

शेवटी "दृश्यातून नवा लेयर" घेऊन त्याचं नाव "जुळणी" ठेवलं. खालचे तीनही लेयर डोळ्याचं चिन्ह बंद करून, म्हणजे लपवून, तसेच ठेवले.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. पेठांमधले रस्ते बंद, काम बंद.

२२ जून, रविवार

आजचा भाग या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा, म्हणून सावकाश.

"जुळणी" लेयरची वेगळी फाइल केली. कलर्स मेनूतल्या कंपोनंट्समध्ये "डीकंपोज", आरजीबी, लेयर म्हणून. एक नवी ग्रेस्केल फाइल मिळते, तिच्यात लाल, हिरवा, निळा असे तीन लेयर. निघालेल्या फाइलची प्रिसिजन १६ बिट आहे ना, हे इमेज मेनूत बघून घ्यावं.

आता एकेकाचा डोळा उघडून पाहायचं. निळ्यात पुराची रेघ जवळजवळ काळी. हिरव्यात मध्यम. लालमध्ये अगदी पुसट, आणि खालचा पिवळट पट्टा तर दिसतच नाही. कारण साधं आहे. पिवळी-तपकिरी वस्तू निळा उजेड शोषते आणि लाल उजेड परत पाठवते, म्हणून लाल चॅनलच्या नजरेला ती पांढऱ्या कागदासारखीच. हळदकुंकवाचंही तेच. हळद पिवळी, कुंकू लाल, दोन्ही लाल चॅनलमध्ये उजळ. आजोबांचं कपाळ तिथे जवळजवळ स्वच्छ आहे. ब्रश न लावता, एकही पिक्सेल मनाने न भरता, अर्ध्याहून जास्त दुरुस्ती इथेच झाली.

म्हणजे लाल चॅनल घ्या आणि पुढे चला? नाही. खालचा उजवा कोपरा बघा. तिथे बसलेल्या बाईंच्या लुगड्याच्या निऱ्या आणि शेजारच्या लहान मुलीचे पाय लालमध्ये गायब झाले आहेत. त्या कोपऱ्यात डाग आकृतीवर बसलेला नाही, आकृतीच पिवळी झाली आहे. चांदीचे कण रासायनिक बदलाने फिकट पिवळे-तपकिरी झाले, आणि लाल चॅनल जसा डाग विसरतो तसाच हे कणही विसरतो. त्या कोपऱ्यासाठी निळा चॅनल हवा. निळ्यात निऱ्या अजूनही मोजता येतात.

एकाच फोटोत दोन उलट्या गरजा, आणि यावर लेयर हेच उत्तर. तळाला "लाल". वर "निळा", काळा मास्क जोडून फक्त कोपऱ्यापुरता उघडलेला. दोन्हींचा उजेड सारखा नव्हता, निळा बराच गडद. तेव्हा निळ्या लेयरवर लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करायची सोय) लावले, मधला बाण डावीकडे, १.३५ पर्यंत. सीमेवर १५० पिक्सेलचा अगदी मऊ ब्रश. तरीही पुराची रेघ जिथे कोपऱ्यात शिरते, तिथे निळ्यातली काळी रेघ वर आली. तेवढी पट्टी मास्कवर काळ्याने परत झाकली; तिथला तपशील थोडा गेला. दोन्ही मिळत नसलं की आम्ही आधी माणसाचा तपशील वाचवतो, मग जमिनीचा.

लेव्हल्सच्या खिडकीत "फिल्टर मर्ज करा" ही खूण काढून ठेवली. गिम्प ३.० मध्ये यामुळे सुधारणा लेयरवर सुटी राहते, लेयरच्या नावाशेजारच्या एफएक्स चिन्हावर क्लिक करून आकडे पुन्हा बदलता येतात. २.१० मध्ये ही सोय नाही. तिथे आधी लेयरची प्रत काढायची आणि मगच लेव्हल्स. फोटोशॉपमध्ये यासाठी १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून अॅडजस्टमेंट लेयर आहेत. लेयर त्याआधी १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले.

हिरवा लेयर ठेवला, वापरला नाही.

२४ जून, मंगळवार

लालमध्येही रेघेचा पुसट अवशेष आहे, आजूबाजूपेक्षा साधारण १८ टक्के काळा. ब्रशने हाताने उजळ करायला गेलं तर छातीवरून पट्टा ओढल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा डागाचा नकाशा फोटोलाच काढू द्यावा.

लाल लेयरवर निळा, मोड "डिफरन्स". जिथे डाग नाही तिथे दोन्ही चॅनल जवळपास सारखे, म्हणून काळं. जिथे डाग तिथे फरक मोठा, म्हणून उजळ. "दृश्य कॉपी करा" आणि नवा लेयर म्हणून पेस्ट. हाच नकाशा.

जुन्या कागदाचा सगळीकडचा पिवळेपणाही त्यात करडा होऊन उतरतो. लेव्हल्सचा काळा बाण उजवीकडे नेत, चौकाची स्वच्छ भिंत पूर्ण काळी होईपर्यंत थांबलो. फिकट पडलेला कोपराही नकाशात उजळ येतो, पण तो डाग नव्हे. त्यावर काळा ब्रश मारला. आणखी एक फसवी गोष्ट: माणसांच्या कडांवर बारीक उजळ रेघा. स्कॅनरचे तीन रंग एकमेकांवर अगदी पिक्सेलभर अचूक बसत नाहीत, त्याचा हा परिणाम. गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) ५ पिक्सेल दिल्यावर त्या विरल्या. १५ दिल्यावर काय होतं तेही करून पाहिलं: रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट प्रभावळ उभी राहते. ५ वरच ठेवला.

आता "लाल" ची प्रत. तिच्यावर लेव्हल्स, पांढरा बाण १०० वरून ८२ वर. पांढरा बाणच का? डाग हा रंगीत काचेसारखा असतो, खालून येणाऱ्या उजेडाचा ठरावीक हिस्सा तो खातो. हिस्सा गेलाय, तर भागाकाराने परत मिळवायचा. पांढरा बाण तेच करतो आणि काळं काळंच राहतं. ब्राइटनेस वाढवला असता तर काळ्या कोटावर राखाडी पट्टा आला असता.

प्रतीला मास्क जोडला, मास्कच्या चौकटीवर क्लिक केलं, नकाशा पेस्ट केला. पेस्ट झालेलं आधी तरंगतं राहतं, ते अँकर (पक्कं) केल्याशिवाय मास्कमध्ये उतरत नाही. अँकर केलं आणि रेघ गेली. तिच्यातले चिखलाचे बारीक कण मात्र तिथेच आहेत. ते करडे आणि अपारदर्शक, तिन्ही चॅनलमध्ये सारखेच, त्यामुळे त्यांना रंगाची युक्ती लागू नाही. ते ब्रशच्या वाट्याला.

२८ जून, शनिवार

चिरा आणि ओरखडे. दोन लेयर केले.

"क्लोन" नावाचा रिकामा पारदर्शक लेयर. क्लोन टूल (एका जागेचं चित्र उचलून दुसरीकडे ठेवणारं), "सॅम्पल मर्ज्ड" चालू. ही खूण असली की टूल खालच्या सगळ्या लेयरमधून उचलतं आणि रिकाम्या लेयरवर ठेवतं. खूण विसरली तर रिकाम्यातून रिकामंच उचललं जातं आणि काहीच होत नाही. चीर ६ ते ८ पिक्सेल रुंद, ब्रश १२ चा, कठीणपणा ५०. कंट्रोल दाबून स्रोत घ्यायचा, आणि दर ३०-४० पिक्सेलला नवा घ्यायचा; एकाच स्रोतावरून लांबवर ओढलं की भिंतीवर तेच तेच ठिपके ओळीने उमटतात.

"हील" चं तसं नाही. ते टूल दुरुस्तीच्या जागी असलेल्या पिक्सेलचा उजेड बघून मेळ घालतं, म्हणून त्याला भरलेला लेयर द्यावा लागतो. "दृश्यातून नवा लेयर" घेतला आणि त्यावर हील. भिंत, आभाळ, गाल अशा सपाट जागी हील उत्तम. लुगड्याचा काठ आणि मागची भिंत, कोट आणि शर्ट, अशा ठसठशीत सीमेपाशी मात्र ते पलीकडचा काळा रंग ओढून धूसर करतं. सीमेपाशी क्लोनच.

हीलचा लेयर भरलेला असल्याने खाली केलेली नंतरची दुरुस्ती त्याच्यामागे झाकली जाते. म्हणून खालचं सगळं पक्कं झाल्यावरच हील करायचं. हा क्रम मोडला तर हील पुन्हा करावं लागतं.

झूम १०० टक्के, कळ १. २०० टक्क्यांवर गेलं की फोटोचे कणही धुळीसारखे दिसू लागतात, आणि माणसं तेही पुसत बसतात. डाव्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचा उठावाचा शिक्का आहे, अक्षरं लागत नाहीत. तो फोटोचाच भाग आहे, त्याला चीर समजून पुसायचं नाही.

२९ जून, रविवार

शिकणाऱ्यांकडून आज "ब्रश चालतच नाही" ही तक्रार पाच वेळा आली. कारण दर वेळी वेगळं निघालं, म्हणून तपासायचा क्रमच लिहून ठेवतो.

आधी निवड. कुठेतरी कोपऱ्यात छोटी निवड राहून गेली की बाकी सगळीकडे ब्रश मुका. शिफ्ट, कंट्रोल आणि ए दाबून निवड रद्द. मग लेयरची हद्द: पेस्ट केलेला लेयर त्याच्या मजकुराएवढाच असतो, पिवळ्या तुटक रेषेबाहेर रंग लागत नाही. लेयर मेनूत "लेयर प्रतिमेएवढा करा". तिसरं, आपण लेयरवर आहोत की मास्कवर? मास्क सक्रिय असला की हद्दीची रेषा हिरवी होते. चेहऱ्यावर अचानक पांढरा फराटा आला तर समजावं की मास्कऐवजी लेयरच रंगवला गेलाय. लगेच अनडू.

खोडरबराने पारदर्शक व्हायच्या जागी पांढरं होत असेल तर लेयरला अल्फा चॅनल नाही. गिम्पमध्ये अशा लेयरचं नाव ठळक अक्षरात दिसतं. तसं या कामात आम्ही खोडरबर वापरतच नाही. खोडलेलं गेलं, मास्कने झाकलेलं परत उघडता येतं.

पाचवं कारण, आणि सर्वात जास्त वेळ खाणारं: वरचा भरलेला हील लेयर उघडा, आणि काम चाललंय खालच्या लेयरवर. बदल होतोय, दिसत नाहीये.

२ जुलै, बुधवार

मुलाचा चेहरा. डावा डोळा, गालाचा भाग आणि नाकाची कड मिळून साधारण ९० बाय १३० पिक्सेल जागा कोरी आहे. तिथे आता चांदीही नाही, डागही नाही, नुसता कागद.

करण्यासारखे तीन मार्ग होते. उजवा डोळा उलटवून डावीकडे बसवायचा. शेजारच्या भावाचा डोळा आणायचा. किंवा एआयच्या भरावावर सोपवायचं. तिन्ही पाच मिनिटांचं काम, आणि लांबून तिन्ही छान दिसतील. आम्ही तिन्ही नाकारले. उजेड डावीकडून येतोय, उलटवलेल्या डोळ्याची सावली उलटी पडेल. भावाचा डोळा भावाचाच. आणि एआय जो चेहरा देईल तो कुणाचाच नसेल, पण पुढची पिढी त्यालाच आजोबा म्हणेल.

त्याऐवजी: नवा लेयर "चेहरा-भराव", आसपासच्या गालाचा मधला करडा रंग ब्रशने भरला, कडा ८ पिक्सेल मऊ. पांढऱ्या भोकाकडे जाणारी नजर थांबते, पण तिथे काहीतरी हरवलंय हे जवळून कळतं. आजींना दोन्ही दाखवलं, कोरं आणि भरलेलं. त्यांनी भरलेलं निवडलं. म्हणाल्या, "डोळा नका काढू. तो तसा दिसायचा नाही."

दुसरी कोरी जागा भिंतीवर. ती क्लोनने भरली, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

५ जुलै, शनिवार

भराव आणि क्लोन केलेल्या जागा गुळगुळीत, बाकी फोटो कणीदार. ठिगळ ओळखू येतं. कणांचा लेयर केला: ५० टक्के करड्याने भरलेला, मोड "ओव्हरले". या मोडला मधला करडा म्हणजे काहीच नाही, उजळ ते उजळवतं, गडद ते काळं करतं. त्यावर नॉइज, मग ०.७ पिक्सेल ब्लर, कारण खरे कण स्कॅनमध्ये एकेका पिक्सेलचे धारदार ठिपके नसतात. काळा मास्क, फक्त ठिगळांवर उघडा. ओपॅसिटी ४० टक्क्यांवर बाजूच्या भिंतीशी मेळ बसला.

उजेड-सावलीसाठी आणखी एक ५० टक्के करडा लेयर, मोड "सॉफ्ट लाइट". ब्रशची ओपॅसिटी ७ टक्के, मोठा आणि मऊ, पांढरा-काळा बदलायला एक्सची कळ. ओसरीच्या सावलीतले चेहरे दोन-तीन हातांत थोडे वर आणले. एका दमात वर आणलं तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. दर दहा मिनिटांनी लेयरचा डोळा बंद-उघड करून बघणं गरजेचं, कारण नजर सरावते.

लेयर आता १३. गट केले: "तळ", "डाग", "चिरा", "चेहरा", "उजेड". "लेयर १ प्रत २" अशा नावाचा एकही शिल्लक नाही.

८ जुलै, मंगळवार

छपाईची चाचणी. कामाच्या फाइलला हात न लावता कंट्रोल आणि डी दाबून प्रतिमेची प्रत काढली. तिथे फ्लॅटन (सगळे लेयर मिळून एक), मग आकार.

मूळ प्रमाण ४.७५ ला ६.५. ८ बाय १२ कागदावर पूर्ण पसरवलं तर कडेला उभा असलेला माणूस अर्धा कापला जातो. म्हणून १० बाय १२ च्या कागदावर १.६ पट, म्हणजे ७.६ बाय १०.४ इंच, बाजूंना १.२ आणि वर-खाली ०.८ इंच पांढरी कड. ३०० पीपीआयला चित्र २२८० बाय ३१२०, कॅनव्हास ३००० बाय ३६००. शार्पनिंग आकार बदलल्यावरच: अनशार्प मास्क, रेडियस १, अमाउंट ०.४. आधी केलं असतं तर कण टोकदार झाले असते. मग आरजीबी, ८ बिट, एसआरजीबी, जेपीजी ९५.

पूर्ण कागद छापण्याआधी चेहऱ्यांची आणि ओसरीची ४ बाय ६ ची पट्टी काढून आणली, मॅट कागदावर. दोन दोष. एक, स्क्रीनपेक्षा गडद. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वर होता. तो कमी केल्यावर स्क्रीन आणि पट्टी जवळ आली, उरलेल्या फरकासाठी छपाईच्या प्रतीत कर्व्ह्जने मधले करडे थोडे उचलले. दोन, ट्यूबलाइटखाली करड्यात हिरवट झाक. वर ऊबदार तपकिरी रंगाचा लेयर, मोड "एलसीएच कलर", ओपॅसिटी ८ टक्के. हा मोड फक्त रंग देतो, उजेड खालचाच ठेवतो. दुसरी पट्टी बरोबर आली.

कर्व्ह्ज आणि तपकिरी लेयर हे या कागदापुरते आणि या यंत्रापुरते आहेत. मूळ कामाच्या फाइलमध्ये ते नेलेले नाहीत.

११ जुलै, शुक्रवार

१० बाय १२ च्या दोन प्रती आल्या. आजोबांच्या कपाळाशी लालमधूनही उरलेला एक बारीक ठिपका मोठ्या प्रतीत दिसला, पट्टीत तो भाग नव्हता. "क्लोन" लेयरवर चार ठिपके, नवी जेपीजी, एक प्रत पुन्हा काढली. खालचं काहीच उलगडावं लागलं नाही. हील लेयर त्या जागी झाकत होता, तिथे त्याला मास्क जोडून छोटं भोक पाडलं.

मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून सिलिका जेलच्या पुडीसह परत केला. लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवायला सांगितलं. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. हळदकुंकू त्यावर तसंच आहे.

फाइली चार: दोन मूळ टिफ, एक कामाची एक्ससीएफ (गिम्पची, लेयरसकट), एक छपाईची जेपीजी. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घरच्यांकडे. सोबत साध्या मजकुराची एक फाइल, कुठला लेयर कशासाठी ते लिहिलेली.

घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे याच दिवशी काढलेल्या फोटोची दुसरी प्रत साताऱ्याच्या नातेवाइकांकडे असू शकते. ती मिळाली तर ६०० पीपीआयला, रंगीत, १६ बिट, दोन्ही दिशांनी स्कॅन करायची. "चेहरा" गटात भरावाच्या वर "सातारा" नावाचा एक रिकामा लेयर काळा मास्क जोडून ठेवला आहे.